काचेवरचे रोगण

ओव्हनच्या दाराच्या आतल्या काचेवर काही महिन्यांच्या वापरानंतर मधाच्या रंगाचा, पुढे गडद तपकिरी होत जाणारा जो थर बसतो, त्याला घरोघरी ‘तेलकटपणा’ किंवा ‘चिकटा’ म्हटले जात असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो आता तेलकटपणा राहिलेला नसतो; लाकडी कपाटावर किंवा तैलचित्रावर जे रोगण चढवले जाते, त्याच जातीचा तो पदार्थ असतो. ही एक गोष्ट ध्यानात आली की त्या काचेच्या सफाईविषयीचे बहुतेक प्रश्न सुटू लागतात, आणि ती ध्यानात न घेतल्यामुळेच तारेची घासणी, खरखरीत पावडर आणि मनगटाचा जोर यांच्या भरवशावर दिवाळीच्या साफसफाईत कितीतरी चांगल्या काचा कायमच्या ओरखडल्या जातात.

कोणतेही खाद्यतेल म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडून झालेली रचना होय. या साखळ्यांमधील काही कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतात तेव्हा त्या मेदाम्लाला असंपृक्त म्हणतात, आणि दुहेरी बंध मुळीच नसतील तर संपृक्त. तेलाचा पातळ थर उष्णतेत व हवेत उघडा पडला की हवेतला ऑक्सिजन या दुहेरी बंधांच्या शेजारी येऊन बसतो, तिथून एका साखळीचा दुसरीशी, दुसरीचा तिसरीशी सांधा जुळत जातो, आणि अखेरीस असंख्य सुट्या रेणूंचे मिळून एक सलग जाळे तयार होते, ज्याला बहुवारिक असे नाव आहे. हे जाळे पाण्यात विरघळत नाही, तेलातही विरघळत नाही आणि भांड्यांच्या साबणाला फारशी दाद देत नाही, कारण मोकळ्या तेलाचे थेंब सोडवून पाण्यात तरंगते ठेवणे हे साबणाचे काम असते आणि इथे मोकळे तेल उरलेलेच नसते. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात तेव्हा ते तेल याच गुणामुळे कॅनव्हासवर वाळते, क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल पाजले जाते त्यामागेही हाच गुण आहे, आणि बिडाच्या नव्या तव्याला तेल चोपडून तो पुन्हा पुन्हा तापवला की त्यावर जो काळा, गुळगुळीत लेप चढतो तोही याच घडामोडीतून आलेला असतो. तव्यावर ज्या लेपाची जोपासना केली जाते तोच काचेवर नकोसा होतो.

सगळी तेले या बाबतीत सारखी नसतात, आणि महाराष्ट्रासारख्या प्रदेशात, जिथे दर शे-दोनशे किलोमीटरवर फोडणीचे तेल बदलत आले आहे, तिथे हा फरक मुद्दाम सांगण्याजोगा आहे. तेलात दुहेरी बंध किती आहेत हे मोजण्यासाठी आयोडीन मूल्य नावाचे माप वापरले जाते. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, हा तो आकडा. जवसाच्या तेलाचे आयोडीन मूल्य साधारण १७० ते २०० असते, सोलापूर-मराठवाड्याच्या परंपरेतील करडईच्या तेलाचे १४० ते १५०, शेंगदाण्याच्या तेलाचे ८५ ते १०५, साजूक तुपाचे ३० च्या आसपास आणि कोकण-गोव्यातील खोबरेल तेलाचे अवघे ७ ते १०. आकडा जितका मोठा तितके ते तेल लवकर वाळते आणि तितका त्याचा थर कठीण होतो. करडईच्या तेलाचा उपयोग रंग आणि रोगणे बनवण्यासाठी होतो तो यामुळेच. म्हणून करडईचे तेल चोळून भाजलेल्या भाज्यांचे शिंतोडे काचेवर काही वेळातच पिवळे कवच धरतात, तर तुपातल्या नानकटाईचा किंवा खोबरेलाचा अंश कितीतरी दिवस ओशट, बोटाला लागणारा आणि साध्या साबणाने निघणारा राहतो. स्वयंपाकाचे तेल काचेच्या सोयीने निवडावे असा याचा अर्थ नाही, पण एका घरातील काच साबणाने लख्ख होते आणि शेजारच्या घरातील होत नाही, याचे कारण हाताच्या कष्टांत नसून तेलाच्या बाटलीत असू शकते, एवढे तरी मान्य करायला हवे.

हा थर दारावरच इतका का दिसतो, याचेही उत्तर साधे आहे. ओव्हनच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक जाड वेष्टण असते, दाराच्या काचेला ते नसते. त्यामुळे आतील पृष्ठभागांत काच सर्वांत थंड राहते आणि भाजताना उठणारी वाफ व तिच्याबरोबरचा मेदाचा अंश तिच्यावर येऊन थिजतो. शिंतोड्यांचे थेंब भिंतींवरही उडतात, पण भिंतींवरच्या गडद मिन्यात, म्हणजे पत्र्यावर भाजून बसवलेल्या काचेसारख्या लेपात, ते दिसत नाहीत. पारदर्शक काचेवर मात्र डाग दोनदा त्रास देतो: तो दिसतो, आणि आतले दिसू देत नाही. ओव्हनच्या दाराला काच असण्याचे प्रयोजनच दार न उघडता आतला पदार्थ पाहता यावा हे आहे, कारण दार उघडताच गरम हवा बाहेर पडते, आतले तापमान झपाट्याने उतरते आणि अर्धवट फुललेला केक बसण्याचा धोका निर्माण होतो. काच मळली की माणूस दार उघडून पाहू लागतो. तेव्हा स्वच्छ काच हा टापटिपीचा भाग आहेच, पण त्याआधी ती भाजण्याच्या कामाची गरज आहे.

या रोगणावर खरा उपाय अल्काचा, म्हणजे लिटमसचा लाल कागद निळा करणाऱ्या, बोटांना बुळबुळीत लागणाऱ्या द्रव्यांचा आहे. अल्क पाण्यात विरघळून मेदापर्यंत पोहोचले की ग्लिसरॉल व मेदाम्ल यांच्यातील सांधे तुटतात आणि मेदाम्लाचा साबण बनतो; या क्रियेला साबणीकरण म्हणतात. कठीण झालेल्या थरातील सर्वच सांधे असे तुटत नाहीत, परंतु जेवढे तुटतात तेवढ्याने जाळे फुगते, मऊ पडते आणि काचेवरची पकड सोडते. या क्रियेला तीन गोष्टी लागतात: अल्क, ओल आणि वेळ. त्यांतील वेळ हीच गोष्ट सफाई करणारा माणूस सर्वांत कमी देतो, आणि वेळेची उणीव जोराने भरून काढू पाहतो.

महाराष्ट्रातील जुन्या गृहव्यवस्थेला अल्काचे हे सामर्थ्य, त्याचे नाव ठाऊक नसताना, पूर्ण परिचयाचे होते. चुलीतली राख भांडी घासायला वापरली जाई ती केवळ खरखरीत असते म्हणून नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे कार्बोनेट असते, ओल्या राखेत ते पाण्यात उतरते आणि भांड्याला लागलेल्या तेलाचा काही भाग जागीच साबण होऊन जातो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा अंक, दहाच्या आसपास असतो आणि तिथला सोडा पूर्वी काढून वापरला जाई. सोडा हा काचेचाही घटक आहे, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब: वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवून जी साधी काच होते तिला सोडा-लाइम काच म्हणतात, तिच्यात साधारण सत्तर टक्क्यांहून अधिक वाळूचा अंश असतो, आणि वाळू वितळण्याचे तापमान खाली आणण्याचे काम सोडा करतो.

विजेपूर्वीच्या काळात तापणारी आणि रोज मळणारी काच मराठी घरात एकच होती, ती कंदिलाची. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला, लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते, आणि पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ जो कारखाना उभारला त्यावरून त्या जागेला ओगलेवाडी हे नाव मिळाले व तिथला ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोहोचला. रोज सांजवेळेपूर्वी कंदिलाची काच उतरवून, ती निवलेली असल्याची खात्री करून, चाळलेली बारीक राख आणि मऊ चिंधी यांनी पुसण्याचा जो रिवाज होता, त्यात काचेच्या निगेची बहुतेक तत्त्वे येऊन जातात: काच गार असताना हात लावायचा, थर पातळ असतानाच काढायचा, राख चाळून घ्यायची आणि फडके मऊ घ्यायचे. चाळण्याचा मुद्दा विशेष महत्त्वाचा होता. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, प्रमाण फार मोठे असते, कोणत्याही राखेत खडा राहू शकतो, आणि काचेला ओरखडा पाडणाऱ्या ज्या थोड्या वस्तू घरात असतात त्यांत वाळू पहिली येते.

आजच्या घरात राखेची जागा सोड्याने घेतली आहे, परंतु ‘सोडा’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळी द्रव्ये मोडतात आणि त्यांची गल्लत धोकादायक आहे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू सुमारे ८.३, म्हणजे अगदी सौम्य. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याचा सामू ११ च्या आसपास. सामूचा प्रत्येक अंक दहापट फरक दाखवतो, त्यामुळे या दोहोंच्या तीव्रतेत शेकडो पटींचे अंतर आहे. तिसरा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. त्याचा सामू १३-१४ पर्यंत जातो, तो कातडी व डोळे जाळतो, ॲल्युमिनियम खातो व त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो, आणि काचेलाही हळूहळू झिजवतो. ओव्हनसाठी म्हणून मिळणाऱ्या अनेक जहाल फवाऱ्यांत हेच द्रव्य असते. दाराच्या चौकटीच्या पट्ट्या, मूठ आणि छोट्या ओव्हनची आतली बाजू बहुधा ॲल्युमिनियमची किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली असल्यामुळे कॉस्टिक असलेली द्रव्ये घरच्या कामात न वापरणेच योग्य आहे. खाण्याचा सोडा बहुतेक वेळा पुरतो. फार जुन्या थराला धुण्याचा सोडा हातमोजे घालून, फक्त काचेवर, ॲल्युमिनियमला न लावता वापरावा.

पद्धत अशी. ओव्हनचा प्लग काढावा आणि काच हाताला सोसेल इतकी कोमट होऊ द्यावी. तीन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाणी यांचा घट्ट लेप करावा, दार आडवे उघडून तो आतल्या काचेवर पसरावा आणि कडेच्या रबरापासून बोटभर अंतर ठेवावे. यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात: लेपावर ओले करून पिळलेले सुती फडके अंथरावे. साबणीकरण पाण्याशिवाय चालत नाही, आणि उघडा लेप पंख्याखाली अर्ध्या तासात वाळून पांढरी खपली होतो; रात्रभर लेप ठेवला तरी गुण आला नाही ही जी तक्रार असते तिचे कारण बहुधा हेच, की लेप रात्रभर होता पण ओल रात्रभर नव्हती. सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने लेप उचलून घ्यावा, पुसू नये; त्याबरोबर तपकिरी थराचा मोठा भाग निघून येतो. जे ठिपके राहतील त्यांवर पुन्हा लेप द्यावा. दुसऱ्या लेपानंतर राहिलेले ठिपके ओल्या काचेवर लाकडी किंवा प्लास्टिकच्या सपाट उलथन्याने हलकेच सुटतात. लेप देण्यापूर्वी उष्णता सोसणाऱ्या भांड्यात पाणी घालून ओव्हन वीसेक मिनिटे शंभर-सव्वाशे अंशांवर चालवला आणि मग निवू दिला, तर वाफेने थर आधीच फुगलेला असतो व काम निम्म्यावर येते.

सोड्यावर व्हिनेगर ओतावे, फेस येतो आणि मळ सुटतो, हा सल्ला फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. व्हिनेगर हे आम्ल, सोडा हे अल्क. दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात व मागे पाणी, कार्बन डायऑक्साइड वायू आणि सोडियम ॲसिटेट नावाचे निरुपद्रवी मीठ उरते. फेस डोळ्यांना समाधान देतो, परंतु ज्या अल्काने काम करायचे तेच त्या फेसात खर्च झालेले असते. व्हिनेगरचे स्थान शेवटी आहे: सोडा पूर्णपणे धुऊन निघाल्यावर राहणारी पांढुरकी झाक आणि जड पाण्याचे, म्हणजे चुन्याचे क्षार असलेल्या बोअरच्या पाण्याचे, ठिपके पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने लगेच विरघळतात. मात्र ते खाली ठिबकू देऊ नये. मराठी घरांतील ओट्याचा कडप्पा आणि जमिनीची शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच कुळातला. आम्लाचा थेंब पडला की त्यांची झिलई जाते आणि तो डाग पुसून जात नाही. ग्रॅनाइटला हे भय नाही.

आता काचेकडे वळायला हवे, कारण मळ काढण्यापेक्षा काच राखणे ही मोठी गोष्ट आहे. ओव्हनची काच म्हणजे बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची काच, असा समज आहे. केक भाजण्याच्या काचेच्या भांड्यांबद्दल तो पुष्कळसा खरा होता: अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९१५ साली ‘पायरेक्स’ बाजारात आणले ते बोरॉनयुक्त काचेचे होते, आणि त्याच कंपनीच्या सहकार्याने १९६२ साली भारतात सुरू झालेल्या कारखान्याने ‘बोरोसिल’ हे नाव घरोघरी पोहोचवले. एका अंशाच्या तापमानवाढीला ही काच दर दहा लाख भागांत सुमारे ३.३ भाग प्रसरण पावते, तर सोडा-लाइम काच सुमारे ९ भाग. म्हणून पहिली अचानक तापल्याने तडकत नाही. परंतु दाराची तावदाने बहुतेक वेळा साध्या सोडा-लाइम काचेचीच असतात आणि त्यांना बळ दिलेले असते ते पाणी चढवून. काचेचा धंदा करणारे तिला ‘टफन ग्लास’ म्हणतात.

काच सहाशे अंशांच्या वर, मऊ पडण्याच्या बेतापर्यंत तापवून तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर थंड हवेचे जोरदार झोत सोडले जातात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून निवतो आणि निवताना आकसू पाहतो, पण थिजलेला पृष्ठभाग त्याला आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. काच फुटते ती पृष्ठभागावरील बारीक चीर ताणाने उघडत गेल्यामुळे, आणि इथे पृष्ठभाग दाबलेला असल्याने चीर उघडायला आधी तो दाब संपवावा लागतो. म्हणून अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते व सुमारे दोनशे अंशांचा तापमानफरक सोसते, जिथे साधी काच चाळीसेक अंशांच्या फरकाने तडकते. या तत्त्वाचे कुतूहल सतराव्या शतकात युरोपात पाण्यात टाकलेल्या वितळत्या काचेच्या थेंबांपासून सुरू झाले: त्या थेंबाचे डोके हातोडीला दाद देत नसे आणि शेपटी मोडताच सगळ्याचा चुरा होई. व्यवहारात ते प्रथम आणले फ्रान्सच्या रॉयर द ला बास्ती यांनी, १८७४ च्या सुमारास, आणि त्यांनी तापलेली काच थंड करण्यासाठी वापरले होते ते तेल आणि चरबी. पोलादाला पाणी चढवणाऱ्या लोहाराला ही कृती परकी वाटली नसती.

म्हणजे दाराच्या काचेचे सारे बळ तिच्या कातडीत आहे. वरवरचा ओरखडा ती सोसते, पण पुरेसा खोल ओरखडा किंवा काठाचा टवका दाबाखालच्या थरातून आरपार गाभ्यापर्यंत पोहोचला, की साठवलेला ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खे तावदान बोराएवढ्या तुकड्यांत कोसळते. कधी ओरखडा पडतानाच, कधी पुढे केव्हातरी ओव्हन तापला असताना. ओव्हनसारख्या उपकरणांसाठीच्या आयईसी ६०३३५-२-६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार काचेच्या दाराच्या ओव्हनबरोबरच्या माहितीपुस्तिकेत खरखरीत पावडरी आणि धातूची धारदार पाती काचेवर वापरू नयेत, कारण ओरखड्यांमुळे काच फुटू शकते, असा इशारा छापावा लागतो. ही पुस्तिका सहसा कोणी वाचत नाही. काचेचा कठीणपणा मोह्झच्या दहा अंकी मोजपट्टीवर साडेपाचच्या आसपास, वाळूचा ७, आणि भांड्यांच्या नेहमीच्या हिरव्या घासणीत जे खनिज कण चिकटवलेले असतात त्यांत ९ कठीणपणाचे ॲल्युमिनियम ऑक्साइडही असते. खाण्याच्या सोड्याचा कठीणपणा अडीचच्या जवळपास आहे, म्हणून त्याचा लेप काचेला अपाय करू शकत नाही. तारेची घासणी, हिरवी घासणी, वाळूयुक्त पावडर आणि ब्लेड या चार वस्तू ओव्हनच्या काचेपासून दूर ठेवाव्यात, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

भिंतीत किंवा ओट्याखाली बसवलेल्या ओव्हनच्या दारात एक नव्हे तर दोन, तीन, क्वचित चार तावदाने असतात. त्यांच्यामधून हवा खेळत राहते आणि म्हणूनच आत दोनशे अंश असताना बाहेरच्या काचेला हात लागला तरी भाजत नाही. आतल्या एखाद्या तावदानावर धातूच्या ऑक्साइडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा पातळ लेप असतो. तो उष्णतेचे किरण परत आत फिरवतो. हवा जाण्यासाठी दाराच्या वर-खाली ज्या फटी असतात त्यांतूनच वाफ, थेंब आणि कधी सांडलेला रस तावदानांच्या मध्ये उतरतो. बाहेरून पुसून न जाणारा, आतूनही पुसून न जाणारा डाग दिसला की तो या मधल्या जागेतला समजावा. त्यासाठी दार खोलावे लागते. अनेक ओव्हनमध्ये दार पूर्ण उघडून दोन्ही बिजागऱ्यांवरचे खटके उलटवले आणि दार अर्धवट मिटवून वर उचलले की ते बाहेर येते; वरची पट्टी काढल्यावर आतली तावदाने सरकवून काढता येतात. बिजागऱ्यांना जोरदार स्प्रिंग असते, खटका नीट न लावता दार उचलले तर ती मिटते आणि बोटे सापडतात. म्हणून हे काम त्या ओव्हनच्या पुस्तिकेतील आकृती समोर ठेवून, दोघांनी मिळून करावे, आणि पुस्तिकेत दार काढण्याची सोय दिलेली नसेल तर कारागीर बोलवावा. काढलेले दार फरशीवर कधीही टेकवू नये, घडी घातलेल्या सतरंजीवर आडवे ठेवावे, कारण या काचेचा काठ हीच तिची दुबळी जागा. प्रत्येक तावदानाची कोणती बाजू आत होती हे चिकटपट्टीने खूण करून ठेवावे. उष्णता फिरवणारा लेप उलट्या बाजूला गेला तर बाहेरची काच अधिक तापते. ही तावदाने फक्त कोमट साबणपाण्याने धुवावीत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत, नाहीतर किनारपट्टीच्या दमट हवेत मध्ये अडकलेली ओल पहिल्याच वापरात धुके होऊन बसते. कडेने दिसणारे काळे ठिपके आणि काळी चौकट हा मळ नव्हे. तो काचेवर भाजून पक्का केलेला मिना आहे.

ओटीजी नावाने मिळणाऱ्या छोट्या विजेच्या भट्टीत बहुधा एकच तावदान असते. त्यामुळे काम सोपे आणि जोखीम वेगळी: ही काच बाहेरूनही भाजण्याइतकी तापते, आणि तापलेली असताना तिच्यावर ओले फडके फिरवणे किंवा पाणी शिंपडणे टाळले पाहिजे. मायक्रोवेव्हच्या दाराला मात्र वरचे जवळजवळ काहीच लागू नाही. तिथे काचेमागे बारीक छिद्रांची धातूची जाळी असते. सुमारे बारा सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी मिलिमीटरभराच्या छिद्रांतून निसटू शकत नाहीत, प्रकाश निसटतो, म्हणून आतले दिसते. ते दार घरी कधीही उघडून सुटे करू नये, आतला प्लास्टिकचा पडदा खरवडू नये आणि फक्त ओल्या मऊ फडक्याने पुसावे.

स्वतःला स्वच्छ करणारे ओव्हन १९६३ पासून, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ते प्रथम आणल्यापासून, अस्तित्वात आहेत. त्यांत आतले तापमान पाचशे अंशांच्या जवळपास नेऊन मळाची राख केली जाते, आणि तोवर दार आपोआप कुलूपबंद राहते. पण तिथेही कडेच्या पट्टीजवळची काच पुरती साफ होत नाही, ती आधी हाताने पुसावी लागते. दाराभोवतीची विणलेली काचतंतूंची दोरी मात्र अजिबात घासू नये, ती दबली की उष्णता झिरपू लागते. सर्वच ओव्हनमध्ये ही पट्टी तपासण्याची सोपी रीत आहे: गार ओव्हनच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे व कागद ओढावा, तो अडखळत आला तर पट्टी ठीक, सुळकन आला तर बदलायला हवी.

काच बदलण्याची वेळ आलीच, तर गल्लीतल्या काचवाल्याकडून मापाची साधी काच कापून बसवण्याचा मोह टाळायला हवा. पाणी चढवलेली काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणजे जी दुकानात कापून मिळते ती पाणी न चढवलेली असते, आणि ती तडकली तर बोराएवढ्या बोथट तुकड्यांत नव्हे, सुऱ्यासारख्या लांब धारदार पात्यांत तुटते. त्या विशिष्ट ओव्हनसाठी बनवलेले तावदानच मागवावे, त्यासाठी चार आठवडे थांबावे लागले तरी.

दिवाळीच्या सफाईत ओव्हन शेवटी, बाकी सगळे आवरल्यावर, थकलेल्या हाताने घेतला जातो आणि म्हणून तो घासला जातो. तो पहिल्या संध्याकाळी घ्यावा: लेप द्यावा, ओले फडके अंथरावे आणि दुसऱ्या कामाला लागावे. सकाळी काच पुसून झाली की दिव्यासमोर तिरपी धरल्यासारखी नजर टाकून काठ आणि पृष्ठभाग तपासावा. काठाला टवका किंवा नखाला अडकणारा ओरखडा आढळला, तर त्या ओव्हनमध्ये या दिवाळीत काहीही भाजू नये. आधी काच बदलून घ्यावी.